आबांनी माझ्या हातचं खाल्लं तेव्हा

आबांना घरी आणलं त्या दिवसापासून मी भीतभीतच वावरत होते. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना लकवा मारला, डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. शहापूरच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका, साखरेची सुई सकाळ-संध्याकाळ चुकवू नका. थोरले दीर कल्याणला लहानशा जागेत राहतात, त्यांना नेणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आबा आमच्याकडे आले. आमच्या आणि त्यांच्या घरात एका भिंतीचं अंतर. ती भिंत आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी आबांनीच उभी केली होती. तेव्हापासून ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दिसलो की तोंड फिरवून खळ्याकडे बघायचे. अशा माणसाची खाट आता माझ्या ओटीवर होती.

आणि आबांना माझ्या हातचं चालत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पेज नेली तर त्यांनी धड असलेल्या उजव्या हाताने वाटी बाजूला सारली. रागाने नाही, अगदी शांतपणे. तेच मला जास्त लागलं. शेवटी पलीकडच्या आळीतली माझी चुलत जाऊ मंगल दोन्ही वेळचं जेवण घेऊन यायला लागली. तिच्या हातचं आबा खायचे. मी अंथरूण बदलायची, पाय धुवायची, लघवीचं भांडं काढायची. त्याला त्यांनी कधी नको म्हटलं नाही. फक्त अन्न नको. थोरल्या दिरांनी जाताना यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अंगणात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ठेवा तुमी आबांना. पण म्हाताऱ्याला बाटवलंत तर मी बघून घेईन. आनि त्यांच्या जिवाला काय झालं तरी तुमालाच विचारीन." मी दाराआड उभी होते. ते शब्द माझ्या कानातून गेलेच नाहीत. आबा जरा खोकले तरी मी हातातलं काम टाकून धावायची.

दर रविवारी आम्ही मुरबाडला प्रार्थनेला जातो. पत्र्याची एक खोली आहे, वीस-पंचवीस माणसं जमतात. तिथल्या पास्टरांच्या पत्नीला आम्ही सगळ्या ताई म्हणतो. मी ताईंपुढे रडले. म्हटलं, मंडळीतल्या काहींना आबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला यायचंय, मी काय करू? देवाने त्यांना माझ्या घरी आणलंय तर मी त्यांना देवाबद्दल सांगायला नको का? ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू त्यांच्यापुढे एक शब्द बोलू नकोस. आईबापाचा मान राखा ही आज्ञा आहे ना? तेवढी पाळ. त्यांना आवडत नाही ते करू नकोस, त्यांना लागेल ते कर. बाकीचं देवावर सोड."

खरं सांगते, मला ते ऐकून निराशच वाटलं. मला वाटलं होतं त्या मला उपास सांगतील, रात्रभराची प्रार्थना सांगतील, काहीतरी मोठं. गप्प राहून भांडी घासणं ही काय भक्ती झाली? पण मी हो म्हणून आले होते, म्हणून तसं वागायला लागले. गाणं म्हणायचं बंद केलं. मुलींनाही सांगितलं, आजोबांसमोर काही बोलू नका. एक सवय तेवढी सुटली नाही. स्वयंपाकघरात जेवायला बसले की डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, डोळे मिटून, अन्नासाठी देवाचे आभार मानायचे. ती माझ्या आईने लावलेली सवय नव्हती, विश्वासात आल्यावर लागलेली होती, आणि ती आता श्वासासारखी झाली होती. दार उघडं असायचं. आबांची खाट समोरच. पण ते भिंतीकडे तोंड करून असायचे, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

असे हिवाळ्याचे दिवस चालले होते. भात झोडून झालं होतं, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. एका सकाळी हे नेहमीप्रमाणे आबांना सुई देऊन आसनगावला कंपनीत गेले. मुली शाळेत गेल्या. आणि तेवढ्यात मंगल धावतपळत आली. धसईला तिच्या माहेरी आई पडली होती, तिला तातडीने निघायचं होतं. "आज आबांचं तुमीच बघा गो," एवढं बोलून ती एसटी गाठायला गेलीसुद्धा.

दवाखान्यातल्या सिस्टरने आम्हा दोघांना बसवून शिकवलं होतं, सुई घेतली की खाल्लंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते, माणूस हातचा जातो. सुई तर दिली गेली होती. मी घाईघाईने भाकरी थापली, वालाचं बिरडं केलं, ताट वाढून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. म्हटलं, "आबा, मंगल आज नाही. सुई घेतलीय तुम्ही. थोडं तरी खा, मी पाया पडते." त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी समोर उभी राहिले तर त्यांना अवघड होईल, म्हणून आत गेले आणि चुलीपाशी बसून देवाला विनवत राहिले. थोड्या वेळाने वाकून पाहिलं तर ताट रिकामं! बिरड्याची वाटीसुद्धा पुसून घेतल्यासारखी. मला इतका आनंद झाला की तिथेच गुडघे टेकले. वाटलं, देवाने ऐकलं. ताट उचललं, तर आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हलक्या पावलांनी मागच्या दारी धुणं धुवायला गेले.

धुणं वाळत घालून आले तर आबांचा सदरा घामाने भिजला होता. थंडीच्या दिवसांत. कपाळावरून पाणी गळत होतं, उजवा हात थरथरत होता, आणि ते काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेले तर मला माझ्या गेलेल्या सासूबाईंच्या नावाने हाक मारत होते. "पानी भरलंस का गो? पानी भरलंस का?" मला वाटलं पुन्हा लकवा मारला. मी "आबा, आबा" करून हलवलं तर डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा सिस्टरचं बोलणं आठवलं. घाम, थरथर, बरळणं. साखर उतरलीय. पण त्यांनी तर खाल्लं होतं! काही कळेना. मी साखरेचा डबा आणला. आणि तिथे माझा हात थांबला. ज्या माणसाने माझ्या हातची पेजसुद्धा नाकारली, त्याला भान नसताना मी त्याच्या तोंडात बोट घालणार? आणि काही वाईट झालं तर थोरले दीर काय म्हणतील? सुनेने काय घातलं तोंडात? तो क्षण फार लहान असेल, पण मी तो अजून विसरलेले नाही. मग मी म्हटलं, "आबा, माफ करा," आणि ओल्या बोटाने साखर त्यांच्या गालाच्या आत चोळायला लागले. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही हेही सिस्टरने सांगितलं होतं, म्हणून नुसती साखर, थोडी थोडी.

आता गाडी कुठून आणायची? आमच्या घरात फोनला रेंज येत नाही, पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं. आबांना सोडून जाऊ कशी? मी ओटीवरून हाका मारल्या. आळीतली सगळी माणसं शेतावर. एक कोंबडी तेवढी बिचकून पळाली. मी परत आत आले, आबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला प्रार्थनाच सुचेना. रोज तोंडावर असलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. नुसतं, "बापा, बापा," एवढंच येत होतं. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

रिकामा पिकअप होता. पन्नाशीचा एक माणूस खिडकीतून डोकं काढून विचारत होता, "ताई, पेंढा भरायचा आहे, पाटलांचं खळं हेच का?" तो मागच्या फाट्यावर चुकून आमच्या रस्त्याला लागला होता. आमचा रस्ता पुढे कुठेच जात नाही, आमच्या घराशी संपतो. मी काय बोलले मला आठवत नाही. तो खाली उतरला, आत आला, एकदा आबांकडे बघितलं आणि काही न विचारता त्यांना दोन्ही हातांवर उचललं. पुढच्या सीटवर आबांना मधे बसवून मी त्यांना धरून बसले. सगळ्या वाटेत मी साखर लावत होते आणि तो माणूस खड्डा आला की अगोदर सांगत होता, "सांभाळा, धरा." मुरबाड येईपर्यंत मी आबांच्या नाकापाशी हात धरून होते. त्यांचा श्वास हाताला लागला की माझा सुटायचा.

दवाखान्यात त्यांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडात साखर लावलीत ते बरं केलंत. मी तिथेच जमिनीवर बसले. जरा सावरल्यावर त्या पिकअपवाल्याला पाणी तरी विचारावं म्हणून बाहेर गेले, तर तो निघून गेला होता. नाव, गाव, काही माहीत नाही. रस्ता चुकलेला माणूस होता, एवढंच मी सांगू शकते. त्याला कोणी चुकवलं यावर मी वाद घालणार नाही.

दवाखान्यातून मी यांना फोन केला होता; दिवस कलताना हे आले, आणि त्यांच्यामागोमाग कल्याणहून थोरले दीर आले. ते वॉर्डात शिरले तेच माझ्यावर ओरडत. "काय खायला घातलंस आबांना? मंगल एक दिस नाय, आनि लगेच ही दशा?" सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून उभी. ज्याला इतके दिवस भीत होते तेच समोर येऊन उभं होतं. मला वाटलं, देवा, तुझी आज्ञा पाळून हेच पदरात पडायचं होतं का?

तेव्हा खाटेवरून आबांचा जड आवाज आला. "तिला कां बोलतोस रे? तिने वाढलं व्हतं. मी कुत्र्याला घातलं." दीर त्यांच्याकडे वळले. आबा छताकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं.

यांनी समोरच्या खानावळीतून मऊ वरणभात आणला. आबांनी आता काहीतरी खाणं भाग होतं. दीर पुढे झाले, त्यांनी घास धरला, तर आबांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. मी ताटली घेतली. घास त्यांच्या ओठांपाशी नेला, तर त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. एवढ्या लोकांसमोर पुन्हा तेच. पण आबा माझ्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही.

"आज हात नाय जोडलेस?" ते म्हणाले.

मला कळेचना. ते अडखळत बोलत राहिले, "रोज जेवायच्या आधी जोडतेस ना. पदर घेऊन. तुझे डोळे मिटले की मी बघतो. जी बाई अन्नाला अशी हात जोडते, ती वंगाळ घास नाय देनार. पन हट्टापायी मी कधी बोललो नाय. जोड आधी. मंग खातो."

त्या वॉर्डात, दिरांसमोर, मी ती प्रार्थना करायला धजले नव्हते. भीतीने विसरले होते असं म्हणवत नाही, टाळली होती. आता मी ताटली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरुवात केली. आबा म्हणाले, "मोठ्यानं. मला ऐकू येत नाय." मग मी मोठ्याने म्हटलं, या अन्नासाठी तुझे आभार, आबांच्या जिवासाठी तुझे आभार, आमेन. डोळे उघडले तर थोरले दीर खिडकीबाहेर बघत होते. आबांनी तोंड उघडलं.

मंडळीतले लोक मला विचारतात, आबा विश्वासात आले का? नाही आले. त्यांचे देव त्यांच्या देव्हाऱ्यात आहेत, सकाळी मी त्यांना तिकडे तोंड करून बसवते आणि ते हात जोडतात. पूर्वी अशा उत्तराची मला लाज वाटली असती. आता वाटत नाही. मी आबांना देवाकडे न्यायला निघाले होते, आणि देवाने मला फक्त त्यांची ऊठबस करायला सांगितलं होतं. मी ज्याला भक्तीच समजत नव्हते, ते गप्प राहणं, ते पाय धुणं, ते जेवणाआधीचं डोळे मिटणं, तेवढंच त्याने माझ्याकडून घेतलं. बाकी कोणाच्या मनात काय आणि कधी उगवेल, ते त्याचं काम. मला अजून भीती वाटते, आबा झोपेत जास्त वेळ हलले नाहीत तर मी वाकून श्वास बघते. पण पूर्वी ती भीती मी एकटीच वाहत होते, आता ती रोज सकाळी त्याच्या स्वाधीन करते, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उचलून घेतलेली असते, तर पुन्हा स्वाधीन करते.

आज सकाळी पेज संपवून आबा म्हणाले, "उन्हात ने गो मला." मी त्यांच्या काखेत हात घातला, त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर टाकला, आणि आम्ही पावलापावलाने अंगणात आलो. खुर्चीत बसल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून ऊन खात होते. मी बाजूला उभी राहून प्रभूचे आभार मानत होते.