माळप्पाच्या हाताची खळ

तालमीतल्या गड्यांनो, हे भिंतीवर खडूनं लिहायलोय. वाचून जावा.

उद्या तालुकदारसाहेबांसमोर आपल्या तालमीतर्फे एका गड्यानं लिंबाच्या फांदीला लटकून अंग वर खेचायचंय. महिनाभर मी मनगटं कसली. अन् आज सकाळी घोंगड्या विणणाऱ्या माळप्पानं मला हरवलं.

मला संशय आला. हाताला घोंगडीच्या सुताला लावायची चिंचोक्याची चिकट खळ असणार, म्हणून फांदी सुटत न्हाई. मी त्याला राखेनं हात धुवायला लावले. तर त्यानं आधीपेक्षा चार वेळा जास्त अंग वर खेचलं.

"कामून रे एवढा जोर?"

"घरी ओल्या घोंगड्या पिळतोत, अण्णा."

"तू पिळतोस?"

"न्हाई, अक्का पिळती. मी निस्तं दुसरं टोक सुटू देत न्हाई."

उद्या त्या घरातलं नेमकं कुणाला न्यायचं, तुम्हीच सांगा.