नडगीवरची लाथ

माझी चुलत बहीण आणि मी एकाच वर्गात, दहावीला. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, गावच्या सोसायटीचे चेअरमन. माझे वडील नुसते चेअरमनचे धाकटे भाऊ. चुली वेगळ्या, अंगण एक. त्यामुळे तिच्याकडं काय आलं आणि माझ्याकडं काय आलं नाही, हे मला डोळे मिटले तरी दिसायचं.

त्या साली पाऊस झालाच नाही. माजलगावचं धरण तळाला गेलं, कालवा कोरडा पडला. पेरण्याच नाहीत म्हणल्यावर सोसायटीत खत तरी कशाला येतंय? गोदाम रिकामं पडलं, तर काकांनी तिथं मुलींसाठी कराटेचा वर्ग काढला. शिकवायला माजलगावहून एक सर यायचे. खताच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून त्यांनी ती वरच्या लोखंडाला टांगली होती. लाथ बसली की नाकात खताचा उग्र वास शिरायचा.

मला कराटेची हौस नव्हती. मला बीड पाहिजे होतं. बीडच्या आत्यानं निरोप धाडला होता, अकरावीला एका पोरीला ठेवून घेते, दोघींना जमायचं न्हाई, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा न्हाई. वर अट घातली होती, "स्टँडवर, रिक्षात सवताला सांभाळता यायला पायजे. मी काय रोज मागं मागं फिरणार न्हाई." जागा एक आणि आम्ही दोघी. सायन्स, कॉलेज, क्लास, तिथल्या मुलींसारखी खांद्याला लावलेली बॅग, सगळं त्या एका जागेत होतं. मला ते मिळालंच पाहिजे होतं.

आणि ही बया पहिल्याच महिन्यात डोक्यापर्यंत लाथ मारायला लागली! पाय असा सरळ वर जायचा की बाकीच्या पोरी तोंडात बोट घालायच्या. तिचा कराटेचा ड्रेस पांढराधोप, कारण टँकर आधी चेअरमनच्या दारात थांबायचा. माझा ड्रेस धुवायला पाणी मिळायचं ते भांडी विसळून उरलेलं. तिच्या शेजारी उभी राहिले की मी शेणाच्या गोवरीसारखी दिसायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

खरं सांगायचं तर सरांनीच सांगितलं होतं, उंच लाथ परीक्षेत मारा, फोटोत मारा. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर पाय कमरेच्या वर नेऊ नका. वर गेलेला पाय समोरचा धरतो, आणि एका पायावर उभी असलेली पोरगी आपटते. आधी गुडघा वर घ्या, टाच पुढं काढा, नडगीवर नाहीतर गुडघ्यावर हाणा, पाय लगेच माघारी ओढा आणि पळा. काय झालं ते बघत उभं राहू नका. माझा पाय मुळात कमरेच्या वर जातच नव्हता, त्यामुळे मला हे फारच पटलं. मी त्या भुशाच्या पोत्याला खालून इतकं झोडपलं की बिचाऱ्याची शिवण उसवली.

पण बघणाऱ्याला पोत्याची शिवण कुठं दिसते? आत्या मुद्दाम बघायला आली त्या दिवशी हिनं सरांनी हातात उंच धरलेल्या पॅडवर लाथ घातली. फाडकन आवाज झाला आणि सगळं गोदाम टाळ्यांनी दणाणलं. माझी पाळी आली. मी हाणली, पोतं हललं, कुणीतरी मागून म्हणालं, "ही काय दूध काढू न देणारी गाय हाय व्हय?" सगळे हसले. आत्याही हसली. मेले सगळे, मी मनात म्हणाले, तुम्हाला काय कळतंय!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघी शाळेतून कालव्याच्या कडेनं येत होतो. भर दुपार. एक मोटारसायकल आडवी आली. गडी खाली उतरला, काहीबाही बोलला आणि हिची ओढणी धरली. हिनं काय करावं? तीच टाळ्यांची लाथ! ओढणी त्याच्या हातात, पाठीवर दप्तर, अंगात पंजाबी ड्रेस. त्यानं आरामात तिचा घोटा धरला आणि ही धाडकन धुळीत उताणी. तो हसायला लागला. हसणाऱ्याचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. गुडघा वर, टाच पुढं, नडगीवर. "आई गं!" करून तो बसलाच. मी हिला उठवलं आणि आम्ही गाव येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. आणि मनात काय चाललं होतं म्हणाल तर एकच, बीड माझं झालं.

घरी बैठक बसली. आत्याला बोलावून घेतलं. मला भीती होती की ही सगळं आपल्या नावावर घेईल. पण ती रडत रडत म्हणाली, "मी पडले. हिनंच मारलं त्याला." मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

आत्यानं मला खालून वर न्याहाळलं. म्हणाली, "आगं बाई! असली पोरगी शहरात नेली तर रोज कुणाचं तरी गाऱ्हाणं दारात यील."

काकू म्हणाल्या, "माझी पोर गरीब हाय. ती इथं भिऊनच मरंल. तिथं तुमी तरी हाव."

काका म्हणाले, "गावात टँकरवर बी लई भांडणं होतात. तिथं अशीच पायजे."

मी वडिलांकडं पाहिलं. ते माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "वाघीण हाय माझी. हिला कुठं बी एकटं धाडा."

"मग बीडला कावून न्हाई?" मी ओरडलेच.

"आगं, तुला कसलं भ्या हाय? ज्याला भ्या त्याला जागा द्यावी लागती," आत्या म्हणाली, आणि विषय संपला. जी स्वतःला सांभाळू शकते तिला नेते म्हणणारी हीच आत्या! मी अकरावीला माजलगावातच, आर्ट्सला. सकाळी टँकरवर, दुपारी एसटीत, आणि गावातल्या चार पोरी माझ्या भरवशावर सोबतीला.

ती बीडला निघाली त्या दिवशी माजलगावच्या स्टँडवर सगळं घर लोटलं. गाडीला अवकाश होता. तिनं मला एका बंद रसवंतीच्या आडोशाला ओढलं. "ती नडगीवरची एकदा नीट दाखव ना. मला तिथं लई भीती वाटणार हाय."

तिचे डोळे खरोखर घाबरलेले होते. भीती वाटायलासुद्धा आधी बीडला जायला मिळावं लागतं!

मी दाखवली. गुडघा वर, टाच पुढं. हळू मारायचं तेवढं राहिलं.

ती नडगी धरून खाली बसली. मग लंगडत गाडीत चढली, खिडकीशी बसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते बघून काकू रडल्या, आत्यानं पदर डोळ्याला लावला. आईनं मला कोपर मारलं. "बघ, गाव सोडताना कसं भरून आलंय तिला. आन तू? डोळ्यात टिपूस न्हाई."

ती माझ्याकडंच बघत होती आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. गाडी हलली, बीडच्या रस्त्याला लागली आणि मला एकदम हुंदका फुटला. आईनं मला जवळ घेतलं, म्हणाली, "किती ग जीव तुझा बहिणीवर."

मी बीडसाठी रडत होते.