बंद दारामागचा ड्रायर

तपासणी खोलीतल्या ताई जेवणाच्या सुट्टीत दार आतून लावून केस सेट करतात, आणि तेही पॅकिंगच्या सुपरवायझरसाठी, अशी आमच्या कारखान्यात एके काळी कुजबुज होती. हेअर ड्रायरची घरघर मी या कानांनी ऐकली होती. ऐकून गप्प बसायला मी काय भिंत होतो? चहा निवायच्या आत बातमी गेटपर्यंत पोचली.

ताईंची पन्नाशी उलटलेली, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आम्ही विणकामाच्या यंत्रांत बसणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायचो. कुठला रंग विणायचा, तो निरोप एका तारेवरून ठोक्याठोक्याने जायचा. दुसऱ्या तारेवरून प्रत्येक ठोक्याला ‘आता वाच’ अशी खूण. सकाळी सगळं झकास. दुपारी शेड तापली, की निळ्याच्या जागी लाल पट्टा! गिऱ्हाइकाने कार्डं परत धाडली. साहेबांनी ताईंना बजावलं, “शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर सोमवारपासून स्क्रूच्या पुड्या बांधा.”

वीस वर्षांचं टेबल सुटायची वेळ, आणि मला चेष्टा सुचत होती. “काय ताई, आज कोणासाठी थाट?”

“तुझ्या टकलासाठी नाही, एवढं नक्की.”

शुक्रवारी त्यांनीच हाक मारली. “ए बातमीदार, बघ.” तपासणी यंत्राच्या पडद्यावर दोन हिरव्या रेघा होत्या, एक मागे रेंगाळणारी. “तापली की ही चिप आळसावते. निरोप उशिरा निघतो. खूण दुसऱ्या चिपमधून जाते, ती आपली वेळेवर. मग पलीकडचं विणायचं यंत्र मागचाच ठोका पुन्हा वाचतं.”

“मग आता?”

“दोघांनाही एकाच चिपमधून पाठवते. उशीर झाला तर दोघांना सारखाच. बरोबर तर राहतील!”

शनिवारी भर दुपारी यंत्र चालवलं. पट्टा निळाच्या निळा. साहेबांनी कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हं.” आमच्याकडे याला शाबासकी म्हणत. टेबल राहिलं.

आता ती शेडही नाही. सून ड्रायर लावते, तेव्हा मला अजून सोल्डरच्या धुराचा वास येतो. तो सुपरवायझर बिचारा तेव्हा रोज भांग पाडून यायला लागला होता. ते पाप माझ्या माथी.

ताई केस सेट करत नव्हत्या. त्या कार्ड तापवत होत्या. वारा लागून ते निवू नये, म्हणून दार लावत. ड्रायर भाचीचा होता.