हबशी शहजाद्याचा कोट

आम्ही पाच भाऊ, आणि मी शेंडेफळ. शेंडेफळाचे फार लाड होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझी चड्डी बघायला हवी होती. थोरल्याच्या मापाची शिवलेली चड्डी एकेकाच्या अंगावरून उतरत माझ्यापर्यंत यायची, तेव्हा तिच्यातलं मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं हे आईलाही सांगता येत नसे.

लढाईचे दिवस होते. आमच्या नगरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांना एका बातमीनं झपाटलं. हबशी लोकांच्या ख्रिस्ती बादशहाला शत्रूनं देशोधडीला लावलं होतं, त्याला आता गादी परत मिळाली होती. नाताळात याच प्रसंगाचं नाटक करायचं, असं मास्तरांनी ठरवलं. बादशहा झाले ड्रिलमास्तर. त्यांच्या सगळ्यात धाकट्या शहजाद्याचं काम मला मिळालं, कारण वर्गात सगळ्यात बुटका मीच.

मास्तरांनी शहजाद्याची हकीकत सांगितली. बापाबरोबर परक्या, थंड मुलखात त्यानं दिवस काढले, मग राजवाड्यात परतला वगैरे. माझी शंका वेगळीच होती.

"मास्तर, त्याला थोरल्या भावांचे जुने कपडे घालावे लागायचे का हो?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "खुळा की काय तू? बादशहाच्या घरात कुठलं जुनं? त्याला सगळं कोरं करकरीत."

झालं. मी घरी जाऊन हटून बसलो. कोट नवा हवा, माझ्यासाठीच शिवलेला हवा, नाहीतर बादशहा बिनपोराचा गादीवर बसेल. मी जेवणावर रुसलो. माझी भाकरी भाऊ वाटून घेत होते, त्यामुळे त्यांची काहीच हरकत नव्हती. शेवटी आई विरघळली. कापड महाग, त्यातून मिळतही नव्हतं, तरी तिनं कापडबाजारातून लाल मखमल पैदा केली आणि शिवणाच्या मशीनवर बसली.

नाटकाच्या संध्याकाळी कोट अंगात घातला आणि मी त्यात बुडालो. बाह्या गुडघ्यापर्यंत, घेर टाचांखाली. आईनं माप थोरल्याचं घेतलं होतं.

"एवढी महागाची मखमल एका नाटकापुरती कापू का मी?" ती म्हणाली. "आज तू घाल, मग थोरला घालेल, मग बाकीचे."

मला रडूच कोसळलं. पण शहजाद्याला रडत गादीपर्यंत जाता येत नाही, म्हणून नाक पुसलं, तेही त्याच बाहीला.

बादशहाची मिरवणूक निघाली. केडगावहून आलेले एक आजोबा पुढेच बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "बादशा दिसतोय, पन पोरगं कुठं हाय? नुस्ता कोटच चाललाय की." तेवढ्यात कोट पायात आला आणि मी गादीसमोर आडवा झालो. ड्रिलमास्तरांनी कॉलरला धरून मला उचललं आणि मांडीवर ठेवलं. लोक पोट धरधरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरला तोच कोट घालून श्रीरामपूरला मुलगी बघायला गेला. जमलं. मग जो जो त्या मापाचा झाला, त्यानं तो मिरवला. मी वाढलो तेव्हा कोट माझ्याकडे परत आला. कोपरांवरची मखमल पार झिजली होती आणि एक बटण भलत्याच रंगाचं होतं.

"आलं शेवटी माझ्या वाट्याला जुनंच," मी फणकारलो.

आई ते बटण बदलत होती. तिनं दातानं दोरा तोडला. "जुनं कुणाचं रे? पहिल्यांदा तूच घातला होतास की. त्या चौघांनी तुझा जुना कोट वापरला."

त्या रविवारी मी तो कोट घालून चर्चला गेलो आणि चौघांच्या पुढच्या बाकावर जाऊन बसलो.