साडेआठ फुटी चौकट

पलूसच्या हायस्कुलात सगळी नोकरी भूमिती शिकवण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर पाटणजवळच्या आमच्या गावी घर बांधायला काढलं, तेव्हा ठेकेदार नको असं मी ठणकावून सांगितलं. नकाशा माझा, मापं माझी आणि लाकूड आबांचं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बांधावर एक साग जगवला होता. आबा गेले, जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर आली आणि साग बांधावर तसाच उभा राहिला.

धाकटा फौजेत. तेव्हा तो सीमेवर होता. एक फोन केला असता तर भागलं असतं. पण ‘थांब, मी सुट्टीवर आलो की बघू’ असं तो म्हणेल याची मला धास्ती होती, आणि थांबायची माझी तयारी नव्हती. तोडीच्या अर्जाला त्याची संमती लागत होती. ती सही मीच ठोकून दिली. पालकांच्या खोट्या सह्या आणणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा मास्तर मी!

झाड आडवं झाल्यावर सुतारमामा बुंध्यावर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, हे तांबडे पट्टे कशाचे वं? सात फुटावर एक हाय, त्येच्या म्होरं सात फुटावर दुसरा. खालच्या तुकड्यावर एक ठिपका, वरच्यावर दोन."

"असतील कुणाचे तरी. तुम्ही साडेआठ फुटांवर करवत लावा," मी म्हणालो.

लहानपणी आमची भांडणं नकोत म्हणून आईनं पितळी पेल्यांवर ठिपके पाडून घेतले होते. माझ्या पेल्यावर एक, धाकट्याच्या पेल्यावर दोन. ते ठिपके मी ओळखले नाहीत असं म्हणायला मला तोंड नाही. ओळखले आणि नजर फिरवली. मलकापुरात हायवेलगतच्या एका बंगल्याचं उंच दार पाहिल्यापासून तसंच दार माझ्या डोक्यात बसलं होतं. सरळ, जाड लाकूड चौदाच फूट होतं, त्यापुढं फांद्या. चौदातून साडेआठ गेले की दुसऱ्यासाठी काय उरतं, हे भूमितीच्या मास्तराला कुणी सांगायला नको.

पुढं कित्येक महिने मी त्या लाकडाची बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. वखारीतून कापून आणलेले नग गोठ्याच्या सावलीत रचले. वारं खेळावं म्हणून प्रत्येक थरात पट्ट्या घातल्या, टोकं चिरू नयेत म्हणून त्यांना शेण लिंपलं, दर आठवड्याला थर उलटेपालटे केले. "आवं, माझी कवा एवढी चौकशी केली न्हाई," बायको म्हणायची. उरलेला साडेपाच फुटी ओंडकाही मी तिथंच ठेवला. त्याच्यावरचे दोन ठिपके मात्र भिंतीकडे वळवून.

धाकटा सुट्टीवर आला तो घरात न शिरता आधी बांधावर गेला. सागाचा उरलेला बुडखा बघून गोठ्यात आला. ओंडका त्यानं स्वतःकडे वळवला आणि टेप लावला.

"सही झ्याक जमली की तुला माझी," तो म्हणाला. "मी सात-सात धरलं हुतं, दादा. गेल्या सुट्टीत मापून ठेवल्यालं. बुडाचं जाड ते तुझं, वरचं माझं. दोगांच्या दाराला आबांचं लाकूड."

"सांधा देऊन तुझ्या चौकटीची उंची वाढवता येईल," मी कसाबसा म्हणालो.

"न्हाई. आबांच्या लाकडाला सांधा नगं."

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि सुट्टीभर माझ्या चौकटीवर रंधा मारला. चौकट उभी करायच्या दिवशी तिला हळद-कुंकू लागलं, आंब्याचा डहाळा बांधला, तेव्हा जड बाजू त्याच्याच खांद्यावर होती. ‘चुकलं रे माझं’ हे तीन शब्द त्या दिवसभर माझ्या ओठांवर होते. ते तिथंच राहिले. सगळी नोकरी बोलण्यात घालवलेल्या माणसाला तेवढे बोलता आले नाहीत, याची लाज मला आजही वाटते.

फौजेतून सुटून आल्यावर यंदा त्यानं शेजारीच घर बांधलं. कराडहून तयार चौकट आणू, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यानं त्या साडेपाच फुटी ओंडक्यातूनच चौकट काढून घेतली. वास्तुशांतीला पाव्हणे हसले. "फौजी, दार लय बारकं झालं रं!"

"बंकरात सवय झालीय," तो म्हणाला आणि वाकून आत गेला. धाकटा चांगला सहा फूट उंच आहे. माझ्या अंगणातून मला ते दार दिसतं. पाण्याची बादली घेऊन, वैरणीचा भारा घेऊन, दिवसातून कितीतरी वेळा तो स्वतःच्या घरात वाकून जातो.

वास्तुशांतीच्या दिवशी आत गेल्यावर तो मागं वळून मला म्हणाला, "ये की, दादा. तुला वाकाय लागत न्हाई."

खरंच लागलं नाही. मी जेमतेम पाच फुटांचा. माझ्या दारातून मी आत जातो तेव्हा डोक्यावर साडेतीन फूट नुसतं वारं असतं.