चेअरमनची किटली

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. भांडगावच्या आतल्या अंगाला आमची वस्ती. आई डेअरीपुढं उन्हात दुधाची किटली घेऊन उभी होती, रांगेत सगळ्यात शेवटी. मी बॅग घेऊन समोरून गेले तेव्हा तिनं नुसता हात वर केला. रांग सोडली असती तर त्या दिवशी तिचं दूध घेतलंच नसतं. आत दूध सोसायटीचे चेअरमन खुर्चीत बसून चहा पीत होते. तो चहा मी विसरलेले नाही, विसरायचाही नाही.

आईचा गुन्हा एवढाच, की सोसायटीच्या वार्षिक सभेत तिनं उठून विचारलं, पेंडीची पोती ठरावीक घरांनाच का जातात. "सखू, बाईनं दूध काढावं, सभेत तोंड चालवू न्हाई," चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तिची किटली शेवटी. सगळ्यांच्या आधी आली तरी शेवटी. उन्हाळ्यात पाळी येईपर्यंत दूध फिरायचं. मग तपासणीला उकळून बघायचे, ते फुटायचं, आणि "नासकं हाय, घरी न्या." एकेक करत गायी विकल्या. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "गप बसली असतीस तर?" आई म्हणायची, "दूध माझं हाय, तोंड बी माझंच हाय." घर चालायला कुणाचा तरी पगार हवा होता, म्हणून मी निघाले.

सणसवाडीत पत्र्याची खोली, आम्ही तिघी मुली, त्यातली एक बिहारची. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट, बस, टार्गेट. जे माझ्यासारखे गाव सोडून आलात त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुम्हाला गावची चिंच नाहीतर विहीर आठवत असेल. मला चेअरमनचा चेहरा आठवायचा.

कँटीनमध्ये मात्र मोठे साहेबही ताट घेऊन रांगेत आमच्या मागं उभे राहायचे. दिवाळीला गावी गेले तेव्हा आईला हे कौतुकानं सांगितलं. ती तेव्हा बायका जमवत होती, महिलांची स्वतःची दूध संस्था काढायला. चेअरमननं खोडे घालायचं काही बाकी ठेवलं नाही. बायका हटल्या नाहीत. संस्था उभी राहिली तशी पेंड सगळ्यांना मिळू लागली, जनावरांचा डॉक्टर वस्तीवर येऊ लागला, दुधाचे पैसे बाईच्या हातात पडू लागले. आमच्या गोठ्यात पुन्हा गायी आल्या. आणि जो आधी येईल त्याचं दूध आधी, हा नियम आईनं पहिल्याच दिवशी लावला.

चेअरमनची सोसायटी त्यांच्याच माणसांनी पैसे खाऊन बंद पाडली. मग त्यांच्या दुधाला दुसरं दार उरलं नाही. आमच्याकडं सभासद फक्त बायका, म्हणून खातं त्यांच्या बायकोच्या नावावर. ती सभेला बसते, चांगली ठणकावून बोलते. चेअरमन नुसती किटली आणून देतात.

मागच्या मे महिन्यात मी मुद्दाम सकाळी पोचले. ते रांगेत होते.

"सखूबाई, ऊन लई हाय. माझं जरा आधी घेता का?"

आई काट्यावरून मान वर न करता म्हणाली, "रांगेत या, आबा. ऊन समद्यांनाच हाय."

ते मागं गेले. त्यांच्या पाळीला त्यांचं दूध नीट तपासलं, चांगलं होतं, घेतलं. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

"आता तरी सोड की गं राग," घरी आल्यावर आई म्हणाली.

नाही सोडणार. सणसवाडीत आता माझा फ्लॅट आहे, मुलं तिथलीच झालीत, तिथं मला काही कमी नाही. तुमचं घर कुठं असेल तिथं असो. जिथं त्या माणसाला माझ्या आईपुढं थांबावं लागतं, ते माझं घर.