पानथरीवरचा डाग

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा भोरच्या माझ्या लॅबमध्ये मी दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त तपासत होतो. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, तू त्याचा जुना मित्र, चार ओळी लिही. लिहितो, पण गोड लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी भोरातलाच, तो मार्गासनीहून एसटीनं यायचा. नदीवर पोहायला गेलो तेव्हा त्याच्या डाव्या बरगडीखालचा बोटभर लांबीचा डाग मी पहिल्यांदा पाहिला. तान्हा असताना ताप हटेना, पोट फुगलं, तेव्हा त्याच्या आईनं विळा तापवून तिथं चटका दिला होता. "पानथरी वाढली व्हती त्येची," त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, सांगायच्या, "लई रडला, पर जगला." पानथरी म्हणजे प्लीहा. पुढं संशोधनासाठी दत्ता पुण्यातल्या एका संस्थेत गेला. तिथं पहिल्याच भाषणात त्याच्या तोंडून 'पानथरी' निघालं आणि सगळे हसले. हा गडी इतका हट्टी, की जन्मभर त्याच पानथरीच्या मागे लागला.

त्याचं काम मला त्यानं चहाच्या टपरीवर समजावलं होतं. जंतूंशी लढताना आपली प्रतिकारशक्ती कधी कधी इतकी चेकाळते, की स्वतःच्याच शरीरावर उलटते. तिला 'बास' म्हणायला मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून पानथरीपर्यंत जातो. आपल्याला न विचारता हृदय चालवणारी, घाम आणणारी जी यंत्रणा आहे, तिचंच हे काम. हा निरोप कुठल्या वाटेनं जातो, ते शोधण्यात त्याची वीसेक वर्षं गेली. "आईला पत्ता बरोबर सापडला व्हता," तो हसून म्हणायचा, "निरोप तेवढा चुकला."

वाट त्यानं शोधली, पण शोधनिबंधावर पहिलं नाव छापलं गेलं ते दुसऱ्याचं. त्याचं मधेच कुठंतरी, घाईत शोधलं तर सापडणार नाही असं. मी म्हणालो, "भांड." तो म्हणाला, "जाऊ दे. अंगावर काढू." आमच्याकडं ताप, खोकला, सासुरवास, सगळं अंगावरच काढतात. आयुष्यभर शरीराचा अभ्यास करून त्यानं शरीराला वागवलं ते मात्र असं. याचा मला अजून राग येतो. शोकसभेत त्याचे विभागप्रमुख 'आमचा दत्तात्रय' म्हणून गहिवरले. मी मधेच उठून बाहेर आलो.

शेवटची भेट माझ्या लॅबमधली. गावी आला होता, तापाचा चौथा दिवस, डोळे लाल. मी दंडाला रबरी पट्टी बांधली. बाटलीवरचं लेबल त्यानं स्वतःच लिहिलं आणि पत्त्यात संस्था न घालता 'मार्गासनी' घातलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. प्रमुखांचं दुसऱ्या दिवशी भाषण होतं, त्याच्या आकृत्या दत्तानं करून द्यायच्या होत्या.

"पुढल्या खेपेला काढ रगत," तो उठत म्हणाला. "साधा ताप हाय. दोन दिस अंगावर काढतो."

"काढून तर जा," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. प्लीहेवर जगाला शिकवणाऱ्याला मी रक्त तपासणारा काय सांगणार... असं मनात आलं आणि मी पट्टी सोडली. जंतू रक्तात भिनले होते. तिसऱ्या दिवशी शरीर शरीरावर उलटलं, आणि त्याला 'बास' म्हणायला कोणी नव्हतं.

तेराव्याला मार्गासनीला गेलो. मावशींनी जवळ बसवून घेतलं.

"इक्बाल, तुज्याकडं आला व्हता न्हवं? रगत न्हाई काढलंस?"

"तो नको म्हणाला, मावशी."

 त्या म्हणाल्या, "म्या डाग दिला तवा त्येला इचारलं न्हवतं."

ती बाटली अजून स्टँडमध्ये आहे. सकाळी लॅब उघडली की पहिली तीच दिसते. जांभळं बूच, त्याच्या अक्षरातलं त्याचं नाव, खाली मार्गासनी... आणि आत काहीच नाही.